डबा रिकामा केला, पण जागा झाली नाही!

घरातल्या डब्यात पायलीभर ज्वारी मावते. त्यातली शेरभर ज्वारी दळणासाठी काढली की डब्यात शेरभर जागा होते. यात कोणाला आश्चर्य वाटत नाही. संगणकाच्या डिस्कबाबतही बहुतेकांची हीच समजूत असते आणि पुष्कळ वर्षे ती बऱ्याच अंशी बरोबर होती. पण अलीकडच्या काही फाईल सिस्टीममध्ये चार जीबीच्या फाईली पुसल्या, तरी मोकळ्या जागेचा आकडा जागचा हलत नाही. पाचशे जीबीच्या डिस्कवर हजार जीबीहून अधिक माहिती आहे, असेही तोच संगणक सांगतो. आणि कधी डिस्कचा पाचवा हिस्सा रिकामा असताना 'जागा शिल्लक नाही' असा निरोप येतो. पाहणाऱ्याला वाटते, यंत्र बिघडले. प्रत्यक्षात या तिन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. त्या कशा, हे आपण पाहू. मात्र त्यासाठी आधी संगणकाच्या गाभ्याची ओळख करून घ्यावी लागेल. कारण डिस्कवरच्या जागेचा हिशेब ठेवणारा तोच.

शेंगदाण्याचे टरफल काढले की आत दाणा सापडतो. अशा दाण्याला इंग्रजीत कर्नेल म्हणतात. (लष्करातल्या कर्नलसाहेबांशी त्याचे काही नाते नाही.) संगणकात आपल्याला दिसतात ती चित्रे, खिडक्या, बटणे हे सगळे टरफल होय. आतला दाणा म्हणजे कर्नेल. कोणत्या आज्ञावलीला किती स्मृती द्यायची, कळफलकावरचे अक्षर कोठे पोचवायचे, डिस्कवर कोणत्या जागी काय लिहायचे, ही कामे तो करतो. लिनक्स नावाचा कर्नेल फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिहावयास घेतला. त्यातील प्रत्येक ओळ कोणालाही वाचता व सुधारता येते. त्यामुळे तो जगभर पसरला. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील झाडून सारे संगणक लिनक्सवर चालत आले आहेत. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा 'परम सिद्धी-ए.आय.' २०२० साली त्या यादीत ६३व्या क्रमांकावर होता. 'बॉस' या नावाची भारतीय लिनक्सही सी-डॅकचीच. इतके लांब कशाला, घरातला अँड्रॉइड फोन घ्या. सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' या भागात शोधले तर कर्नेलची आवृत्ती लिहिलेली सापडते. तोही लिनक्सच.

आता हा आवृत्तीचा आकडा कसा वाचायचा? वर्गात विचारले, की ६.९ मोठा की ६.१२, तर निम्मे हात ६.९ साठी वर येतात. दशांश अपूर्णांक म्हणून ते उत्तर बिनचूक आहे. पण हा दशांश अपूर्णांक नव्हे. पाठ्यपुस्तकात सहाव्या प्रकरणाचे भाग ६.९, ६.१०, ६.११, ६.१२ असे छापलेले असतात, तशीच ही मोजणी आहे. ६.१२ हा ६.९ नंतरचा. पहिल्या आकड्यावर तर मुळीच भाळू नये. ३.१९ नंतर ४.०, ४.२० नंतर ५.०, ५.१९ नंतर ६.० अशी उडी घेतली गेली, ती काही क्रांतिकारक बदल झाला म्हणून नव्हे. हातापायांची बोटे मोजून संपली, असे गमतीचे कारण टोरवाल्ड्सनेच दिले आहे. तिसरा आकडा मात्र कामाचा असतो. ६.१.६४ म्हणजे ६.१ या आवृत्तीची चौसष्टावी दुरुस्ती.

दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. तिच्यात नव्या यंत्रांची ओळख असते, नव्या सोयी असतात आणि अर्थात नव्या चुकाही. बहुतेक आवृत्त्यांची दुरुस्ती काही महिन्यांतच थांबते. काही आवृत्त्या मात्र 'दीर्घकालीन' म्हणून निवडल्या जातात आणि त्यांची दुरुस्ती निदान दोन वर्षे चालते. ६.१, ६.६ आणि ६.१२ या अशा निवडलेल्या आवृत्त्या. डेबियन या प्रसिद्ध लिनक्सने २०२३ च्या जूनमध्ये आपल्या बाराव्या आवृत्तीसाठी ६.१ घेतला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तेराव्यासाठी ६.१२. तेव्हा कर्नेल निवडताना 'सर्वांत नवा कोणता' यापेक्षा 'याची दुरुस्ती आज कोण करीत आहे' हा प्रश्न आधी विचारावा.

डिस्कशी याचा संबंध असा. फाईल सिस्टीम म्हणजे डिस्कवर माहिती मांडून ठेवण्याची पद्धत. लिनक्समध्ये ही पद्धत बहुधा कर्नेलचाच एक भाग असते. एक्स्ट-४ ही पद्धत डिसेंबर २००८ मध्ये २.६.२८ या कर्नेलमध्ये रीतसर दाखल झाली. तिच्या पाठोपाठ, मार्च २००९ मध्ये, २.६.२९ बरोबर बी.टी.आर.एफ.एस. आली. (हिचा उच्चार कोणी 'बटर एफएस' करतात, कोणी 'बेटर एफएस'. आपण पहिला घेऊ. लोणी लक्षात राहते.) फेडोरा लिनक्सने २०२० पासून आपल्या डेस्कटॉप आवृत्तीत बटर एफएस हीच नेहमीची पद्धत केली. तिच्या अंगी नव्या नव्या कला कर्नेलबरोबर येत गेल्या. उदाहरणार्थ, झेड-स्टँडर्ड नावाच्या रीतीने माहिती दाबून लहान करण्याची सोय २०१७ च्या ४.१४ मध्ये आली. अशी दाबलेली डिस्क ४.९ कर्नेल असलेल्या संगणकाला जोडली, तर तो ती उघडतच नाही. डिस्क चांगली, संगणक चांगला; पण एकाची लिपी दुसऱ्याला वाचता येत नाही. शाळेतली डिस्क घरी नेऊन उघडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. उलट, रेड हॅट कंपनीच्या २०१९ सालच्या आठव्या आवृत्तीत कर्नेल ४.१८, म्हणजे पुरेसा नवा होता. पण त्यातून बटर एफएस मुद्दाम वगळलेली होती. म्हणून नुसता आकडा पाहून भागत नाही, तो कर्नेल कोणी बांधून दिला हेही पाहावे लागते.

आणि दीर्घकालीन म्हणजे निर्दोष, असेही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियनची १२.३ ही सुधारित आवृत्ती निघायची होती. तिच्यासाठी ठरलेल्या ६.१.६४ या कर्नेलमध्ये एक्स्ट-४ संबंधीची एक दुरुस्ती नव्या कर्नेलमधून उचलून आणली होती. पण ती ज्या आधीच्या बदलावर उभी होती, तो आणावयाचा राहून गेला. परिणामी विशिष्ट तऱ्हेने लिहिलेल्या फाईली बिघडण्याची भीती निर्माण झाली. डेबियनने १२.३ थांबवली, दोष काढलेला ६.१.६६ घेतला आणि १० डिसेंबरला थेट १२.४ प्रसिद्ध केली. एक्स्ट-४ ही तोवर पंधरा वर्षांची मुरलेली पद्धत होती, हे विसरू नका. माझ्या मते या हकिकतीतली घेण्यासारखी गोष्ट चूक ही नव्हे, तर ती काही दिवसांत सापडली, उघडपणे सांगितली गेली आणि दुरुस्त झाली ही आहे. ज्या कर्नेलकडे कोणी पाहतच नाही, त्यातली चूक तशीच राहते.

आता बटर एफएसच्या वहीत डोकावू. प्रयोगवहीत चुकलेले निरीक्षण रबराने खोडू नका, असे आम्ही शिक्षक नेहमी बजावतो. नवे निरीक्षण नव्या ओळीवर लिहावे. बटर एफएसचा नियम साधारण तसाच आहे. फाईलमध्ये बदल झाला तर जुन्या जागेवर न गिरवता ती बदललेला भाग नव्या कोऱ्या जागी लिहिते आणि तो पुरा लिहून झाल्यावरच अनुक्रमणिकेतील पान-क्रमांक बदलते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. लिहिता लिहिता वीज गेली तर जुने पान शाबूत असते, कारण त्याला कोणी हात लावलेला नसतो. (एक्स्ट-४ या संकटाला वेगळ्या तऱ्हेने तोंड देते, ती आधी रोजनिशीत टिपण करते.) शिवाय बटर एफएस प्रत्येक भागाची एक तपासणी-बेरीज लिहून ठेवते आणि वाचताना ती ताडून पाहते. त्यामुळे डिस्कवर एखादा अंक आपोआप बदलला, तर ते गुपचूप खपून जात नाही.

जुने पान लगेच फेकले नाही तर आणखी एक सोय फुकटात मिळते. आजची अनुक्रमणिका जशीच्या तशी राखून ठेवायची आणि उद्यापासून दुसरी वापरायची. अशा राखून ठेवलेल्या अनुक्रमणिकेला स्नॅपशॉट म्हणतात. स्नॅपशॉट घेताना फाईलींची नक्कल होत नाही. म्हणून तो क्षणात होतो आणि जवळजवळ जागा घेत नाही.

समजा, तुमच्या शाळेने पावसाळ्याची नोंद ठेवण्याचे ठरवले. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे कोल्हापुरात पोराटोरांना पाठ असते. २०१९ आणि २०२१ चे महापूर तुम्हांपैकी पुष्कळांना आठवत असतील. शाळेच्या गच्चीवरून आकाशाचे छायाचित्र दिवसाच्या बारा तासांत दर दहा मिनिटांनी घ्यायचे, म्हणजे दिवसाला ७२ छायाचित्रे. एक छायाचित्र २ एमबीचे धरले तर रोज १४४ एमबी. जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांत १७,५६८ एमबी, म्हणजे सुमारे १७.६ जीबी. एकही छायाचित्र पुन्हा घेता येणार नाही; जुलैतला तो दिवस पुन्हा उगवणार नाही. म्हणून रोज रात्री एक स्नॅपशॉट घेतला.

सप्टेंबरअखेर एका विद्यार्थ्याने 'डी.यू.' ही आज्ञा देऊन सगळे स्नॅपशॉट मोजले. ही आज्ञा प्रत्येक कप्प्यातील फाईलींनी घेतलेल्या जागेची बेरीज करते. पहिल्या रात्रीच्या स्नॅपशॉटमध्ये एका दिवसाची छायाचित्रे, दुसऱ्यामध्ये दोन दिवसांची, शेवटच्यामध्ये १२२ दिवसांची. एकपासून १२२ पर्यंतच्या संख्यांची बेरीज १२२ गुणिले १२३ भागिले २, म्हणजे ७,५०३. तिला १४४ ने गुणले तर १०,८०,४३२ एमबी. हजार जीबीहून अधिक, आणि डिस्क तर पाचशेची! 'डी.एफ.' ही दुसरी आज्ञा पूर्ण डिस्कचा विचार करते. ती सांगेल, छायाचित्रांनी अठरा जीबीच्या आसपास जागा घेतली आहे. खोटे कोणीच बोलत नाही. दोघींना आपण वेगवेगळे प्रश्न विचारले, इतकेच.

गावाकडचे उदाहरण घ्या. तीन भावांची सामाईक विहीर असते. प्रत्येकाच्या उताऱ्यावर विहिरीतील हिस्सा नोंदलेला असतो. तिघांना वेगवेगळे गाठून 'तुमच्या रानात विहीर आहे का?' असे विचारले तर तिघेही 'आहे' म्हणतील आणि तुमच्या वहीत तीन विहिरी लागतील. रानात हिंडून मोजाल तर एकच भरेल. डी.यू. भावांना विचारते आणि डी.एफ. रान पाहते. आता एका भावाने आपला हिस्सा सोडला म्हणून विहीर बुजत नाही. तिघांनीही सोडला, तरच ती जागा मोकळी होते.

विद्यार्थ्याने जूनची तीस दिवसांची छायाचित्रे पुसली. ती ४,३२० एमबी, म्हणजे ४.३ जीबी होती. जागा का झाली नाही, हे आता तुम्हीच सांगाल. रात्रीच्या स्नॅपशॉटांनी ती धरून ठेवली होती. मग त्याने १५ जूनचा स्नॅपशॉट काढून टाकला. तरीही काही नाही. कारण त्यातले प्रत्येक छायाचित्र १६ जूनच्या आणि पुढच्या सर्व स्नॅपशॉटांत आहेच. म्हणून बटर एफएसला स्वतःची वेगळी डी.यू. आज्ञा दिलेली आहे. ती प्रत्येक कप्प्यासमोर एकूण जागा तर दाखवतेच, पण 'केवळ याचीच' आणि 'सामाईक' असे वेगळे रकानेही देते. हा कप्पा काढला तर किती जागा सुटेल, याचे उत्तर 'केवळ याचीच' या रकान्यात असते. जाता जाता एक इशारा. स्नॅपशॉट म्हणजे दुसरी प्रत नव्हे. डिस्कच जळाली तर सगळे स्नॅपशॉट तिच्याबरोबर जातात. पावसाळ्याची नोंद वेगळ्या डिस्कवर उतरवून दुसऱ्या इमारतीत ठेवावी, पुराच्या पाण्यापासून वर.

राहिले तिसरे कोडे. डिस्कमध्ये जागा आहे आणि तरीही नाही. शाहू मार्केट यार्डात दहा गाळे आहेत असे समजा आणि नियम असा की एकदा गाळा गुळाला दिला की त्यात कांदा ठेवायचा नाही. गुळाचे आठ गाळे अर्धे रिकामे असले, तरी कांद्याचे दोन भरल्यावर कांद्याची गाडी बाहेरच उभी राहील. बटर एफएस डिस्कचे असेच गाळे पाडते, मोठ्या डिस्कवर साधारण एकेक जीबीचे. काही गाळे प्रत्यक्ष माहितीला आणि काही अनुक्रमणिकेला मिळतात. अनुक्रमणिका इतकी मोलाची की एकाच डिस्कवरही ती सहसा दोनदा लिहिली जाते. समजा ४६५ पैकी ४५७ गाळे माहितीला गेले आणि ८ अनुक्रमणिकेला. पुढे माहितीच्या गाळ्यांतील पाचवा हिस्सा पुसला गेला. म्हणजे ९१ जीबी रिकामी. पण अनुक्रमणिकेचे आठही गाळे भरले असतील आणि वाटायला एकही कोरा गाळा उरला नसेल, तर नवी फाईल घेता येत नाही. आणखी गंमत म्हणजे फाईल पुसणेही अडू शकते! पुसल्याची नोंद करायलादेखील अनुक्रमणिकेत नवे पान लागते, कारण खोडायचे नाही हा नियम.

यावर उपाय 'बॅलन्स' या आज्ञेचा. ती अर्धवट भरलेल्या गाळ्यांतला माल एकत्र रचून काही गाळे पूर्ण मोकळे करून देते. येथे पुन्हा कर्नेलचा आकडा येतो. डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या ३.१८ च्या आधीच्या कर्नेलमध्ये एखादा गाळा संपूर्ण रिकामा झाला, तरी तो गुळाच्याच नावावर राही. कोणीतरी मुद्दाम बॅलन्स करीपर्यंत. ३.१८ पासून कर्नेल असा गाळा आपण होऊन परत घेतो. अर्धवट भरलेल्यांचा प्रश्न मात्र उरतोच. म्हणून अशी डिस्क काठोकाठ भरू देऊ नये. मी विद्यार्थ्यांना दहावा हिस्सा कायम कोरा ठेवायला सांगतो.

वर ४६५ हा आकडा कोठून आला, असे कोणी विचारील. डिस्क बनवणारा जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट मानतो. संगणक मात्र पुष्कळदा १०२४ चा घन, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट मानतो. पाचशेला भाग देऊन पाहा, ४६५.६६ येतात. दुकानदाराने फसवले नाही, फक्त माप निराळे. शिवाय एक्स्ट-४ सहसा पाच टक्के जागा व्यवस्थापकासाठी राखून ठेवते. तीही मोकळ्या जागेत दिसत नाही.

मग शाळेच्या संगणकावर कोणता कर्नेल असावा? माझे मत स्पष्ट आहे. डेबियन, उबुंटू, बॉस यांपैकी जी लिनक्स असेल, तिच्या बांधणाऱ्यांनी दिलेला आणि ज्याची दुरुस्ती चालू आहे तो कर्नेल वापरावा. संगणक अगदी नवा असून त्याचे वाय-फाय ओळखले जात नसेल, तरच त्याहून नव्याच्या मागे लागावे. बटर एफएस वापरावयाची असेल, तर सात-आठ वर्षांपूर्वीच्या कर्नेलवर ती सुरू करू नये; मधल्या काळात तिच्यातले शेकडो दोष निघाले आहेत. नवा कर्नेल घातला तरी त्याआधीचा काढू नये. संगणक सुरू होताना येणाऱ्या यादीतून जुना निवडता येतो आणि अडचणीत तोच उपयोगी पडतो. पण असे सात-आठ कर्नेल साचू दिले, तर सुरुवातीच्या त्या लहानशा कप्प्यातली जागा संपते. आणि हा कप्पा भरल्यावर पुढची दुरुस्तीच घालता येत नाही. दोन पुरेत.

लिनक्सच्या आज्ञा मुळापासून शिकावयाच्या असतील, तर आय.आय.टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत.

करून पाहा

शाळेतील लिनक्स संगणकावर टर्मिनल उघडा. आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत द्यायच्या आहेत. प्रथम 'यूनेम' (यू, एन, ए, एम, ई), मग जागा सोडून उणे चिन्ह आणि आर. कर्नेलचा आकडा येईल. त्यातले पहिले दोन भाग वहीत लिहून घ्या आणि त्याची दुरुस्ती चालू आहे का, हे शिक्षकांच्या मदतीने शोधा. नंतर 'डी.एफ.', जागा, उणे चिन्ह आणि मोठा टी. आता प्रत्येक डिस्कपुढे तिच्या फाईल सिस्टीमचे नाव दिसेल.

आता 'ट्रंकेट' (टी, आर, यू, एन, सी, ए, टी, ई), जागा, उणे एस, जागा, १ चा आकडा व त्याला जोडून मोठा जी, पुन्हा जागा आणि 'पाऊस' हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहा. एक जीबीची फाईल क्षणार्धात तयार होईल. 'एल.एस.' आज्ञेला उणे एल जोडून तिची लांबी पाहा. १०७३७४१८२४ बाइट दिसतील. मग त्याच फाईलवर डी.यू. चालवा. उत्तर येईल शून्य! फाईल लांब आहे, पण तिच्यात अजून काहीच लिहिलेले नाही. म्हणून कर्नेलने तिला एकही पान दिलेले नाही. हीच फाईल पेनड्राइव्हवर कॉपी करा. बहुतेक पेनड्राइव्हवर फॅट जातीची फाईल सिस्टीम असते आणि न लिहिलेली पाने वगळणे तिला जमत नाही. तेथे ती पुरी एक जीबी जागा घेईल, आणि कॉपी व्हायला किती वेळ लागला हे घड्याळ लावून मोजले तर पेनड्राइव्हचा लिहिण्याचा वेगही निघेल.